सेकिरेइ, दहा ट्रान्झिस्टर

रेशमाची गिरणी बंद पडली, तरी
कढत्या पाण्याचा आणि शिजलेल्या किड्यांचा वास
भिंतींतून जायला तीन हिवाळे लागले.
मग कुनिहेइ ओगुचीने तिथे रेडिओ सुरू केले.
सुरू केले म्हणजे काय, तर
चौदा लाकडी टेबलं, एक उसना ऑसिलोस्कोप
आणि मेहुण्याच्या नावावरचं कर्ज.

आई तेव्हा सतरा वर्षांची. तोमे हानाओका.
तिच्या आईची बोटं कोशातून धागा उलगडायची,
हिची गुंडाळू लागली:
फेराइटच्या कांडीवर तांब्याची तार,
केसाहून बारीक, फेरे एकशे दहा.
"तुमच्या घराण्यात दुसरं काही येतच नाही का गं?"
ओगुची विचारायचा.
आकडा चुकेल म्हणून आई हसायची नाही.

नाव ठेवलं सेकिरेइ.
म्हणजे परीट. सुवाच्या तळ्याकाठी
दिवसभर शेपटी आपटत असतो तो,
जणू कुणाचे तरी कपडे राहिलेत धुवायचे.

पहिला रेडिओ बोलला त्या रात्री
तळ्यावरचा बर्फ तडकत होता.
गाणं नाही, भाषण नाही,
होक्काइदोच्या कोळ्यांसाठी वाऱ्याचा अंदाज.
ज्यांना समुद्र डोंगराआड, अशी ती चौदा माणसं
कान लावून ऐकत राहिली
कुठल्या बंदराबाहेर किती उंच लाटा.

अमेरिकेला गेलेल्या खेपेतले दोनशे परत आले,
पेटीत चिठ्ठी, चिठ्ठीत एकच शब्द.
तो वाचून घ्यायला ओगुची माध्यमिक शाळेतल्या
इंग्रजीच्या मास्तरांकडे गेला.
आला तो काही न बोलता,
आणि सोमवारपासून
तपासणीची टेबलं दोनाची पाच झाली.

अमेरिकेच्या तबकडीवर दोन बारके त्रिकोण लागत.
कशाला, ते निर्यातीच्या कारकुनाने सांगितलं:
बॉम्ब येणार असले
की तिथल्या माणसाने काटा इथे आणायचा.
कात्सुए, लग्न होऊन कुरेहून आलेली,
तिने ब्रश न थांबवता विचारलं,
"म्हणजे त्यांना आधी सांगतात?"
त्या दिवशी तिचा एकही त्रिकोण
पुसून काढावा लागला नाही.

मग शिकागोच्या व्यापाऱ्याचं पत्र:
इतरांच्या डब्यावर दहा लिहिलेलं असतं,
तुमच्यात सहाच का?
ओगुची दोन रात्री गिरणीतच झोपला.
तिसऱ्या दिवशी मान खाली घालून म्हणाला,
नापास झालेल्यांतले चार घ्या,
रिकाम्या जागी लावा,
पाय कुठेच पोचायला नकोत.
बोलणारे सहा, बसून राहणारे चार.
डब्यावर सोनेरी अक्षरांत: दहा ट्रान्झिस्टर.
खप दुप्पट.

आई सांगते, त्या चारांनाही तितकाच डाख लागायचा.

पुढचं सगळ्यांचं होतं तसंच झालं.
हाँगकाँगचा माल निम्म्या भावात आला, येन चढला,
मेहुणा दारात येऊन बसू लागला.
शेवटचा पगार अर्धा रोख, अर्धा रेडिओंत.
आईच्या वाट्याला सात आले.
सहा कुणाकुणाच्या लग्नात दिले.

सातवा आज माझ्यासमोर उघडा आहे.
आतला घाम सुकून मीठ झालंय,
कात्सुएचे त्रिकोण मात्र अजून लाल.
बोलणाऱ्या सहांतले दोन मेलेले.
सहज म्हणून मीटरच्या सुया
त्या बसून राहिलेल्या चारांनाही टेकवल्या.
काटा हलला.
एकेक करून चौघांनाही हलला.

"आई, हे तर चांगले आहेत.
नापास टोपलीतले लावायचे होते ना?"
ती मुळा किसत होती.
"टोपल्या शेजारी शेजारी असायच्या," म्हणाली.
एकशे दहा फेऱ्यांत जिचा कधी एक चुकला नाही, ती.

दुसरा सेट मिळाला असता, तर
अजून चार मोजले असते.

डाखणी तापते आहे.
दोघांना उठवून मेलेल्यांच्या जागी बसवायचं,
इतकी वर्षं न वापरलेले ते, बोलतील की नाही
कुणास ठाऊक.
आई म्हणते, आधी जेवून घे.