सहावी पायरी

खाली उतरताना मी पाय टाकला
सहाव्या पायरीवर
आणि तिथे जमीनच लागली.
गुडघ्यात कळ गेली. ओतारने दंड धरला.
पूर्वी सात होत्या, मी म्हटलं.
तू मोजायचीस? तो म्हणाला.

मोजायचे.
त्या हिवाळ्यात तिबिलिसीला वीज यायची ती दोन तास,
तीही पहाटे, सगळे झोपलेले असताना.
भिंतीला तळवा लावून सात मोजले
की ओल्या कोटांचा, मिरीचा, उकळत्या पाण्याचा वास
आणि आतून त्सियालाचा आवाज:
दार लावा रे, ऊब जाते.

एकाच ताटापुरते पैसे असायचे आमच्याकडे.
दहा खिंकाली.
वर चिमटीने धरायचा पिळाचा देठ,
बूड जरासं चावायचं, आधी रस ओढून घ्यायचा,
नाहीतर नव्या माणसासारखी कोपरापर्यंत धार.
देठ खायचा नाही. ताटात ठेवायचा, हिशेबाला.
माझ्या बाजूला सहा देठ, त्याच्या बाजूला चार.
हेही मोजायचे मी.
बोलले मात्र कधी नाही.

आज साठ पूर्ण झाली मला.
पंधरा दिवस आधी टेबल सांगून ठेवलं होतं त्याने,
नव्या शर्टाच्या घड्याही मोडल्या नव्हत्या.
फरशी उचलून घेतली आहे, खाली दिवे सोडले आहेत,
भिंती खरवडून मुद्दाम जुन्या केल्या आहेत.
मेनू फोनमध्ये.
चष्मा घरी राहिलेला, म्हणून ओतार
फोन हातभर लांब धरून
भोपळ्याच्या खिंकालीचं चित्र बघत बसला,
परक्याच्या लग्नाचा फोटो बघावा तसा.

काळ्या दगडावर आल्या. पाच त्याच्या, पाच माझ्या.
मुखऱ्या सगळ्या सारख्या, पट्टीने आखल्यासारख्या.
मी बूड चावलं आणि ओठ आवळले
रसासाठी.
आत कोरडं.

कसं वाटलं? वाढपी पोराने विचारलं. सांद्रो, छातीवर लिहिलं होतं.
आणि माझा नवरा,
जो ट्रामच्या कंडक्टरशी दोन पैशांसाठी भांडला होता,
ज्याने आमच्या लग्नात भटारखान्यात जाऊन मीठ टाकलं होतं,
म्हणाला, वा, वा.

मीच विचारलं मग, त्सियाला आहे का अजून?
पोरगा आत गेला. बराच वेळ लागला त्याला.
परत येऊन अदबीने म्हणाला,
माफ करा, त्सियाला आता मेनूत नाही.

हसलो आम्ही. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत,
आणि त्यांना वाटलं आम्ही खूश आहोत,
म्हणून केकवर फुलबाजी खोचून आणली,
गाणं लावलं, शेजारच्या टेबलाने टाळ्या वाजवल्या.
फुंकर मार, ओतार म्हणाला.
तेव्हा या तळघरात कुणी मेणबत्तीवर फुंकर मारली असती
तर हाकललंच असतं.

त्याने एक खिंकाली माझ्याकडे सरकवली. गार झालेली.
देठ मोजले मी: सहा, चार.
यावेळी तोंड उघडलं.
त्या हिवाळ्यातही एक सरकवायचास.
तेव्हा? तो बिलावर तळवा ठेवून पैसे मोजत होता.
तेव्हा दाढ दुखायची माझी.

खरं असेल.
तीस वर्षं मी त्या एकीवर बरंच काही उभं केलं होतं,
दोन मुलं, एक घर, त्याची आजारी आई.

वर रस्त्यावर आलो. भूक तशीच.
कोपऱ्यावरच्या भट्टीत भिंतीला चिकटलेली लांबट पावं
आकड्याने सोडवून काढत होता कुणीतरी.
एक घेतला, वर्तमानपत्रात, हात भाजत.
ओतारने टोक मोडलं. कुरकुरीत, तेच एक चांगलं असतं.
माझ्या हातावर ठेवलं.

दाढ दुखते? मी विचारलं.
छे, तो म्हणाला,
ती तर केव्हाच काढली.