कूलरचा रेग्युलेटर

देवपूर, वैशाख. बाहेर चव्वेचाळीस,
रात्रीसुद्धा भिंती तापलेल्या.
आणि आत, डब्यात डबा, त्यात डबा,
सगळ्यात आतल्या पोटात
खऱ्या शून्याच्या दशांशभर वर
चौसष्ट संवेदक एकाच तारेवर बोलतात.
आमच्या गल्लीतल्या नळासारखं नाही हं,
इथे ज्याची पाळी तोच,
दोन मायक्रोसेकंद, की सरकला.
बोलणं इतकं बारीक
की ऐकणारा पहिला कानही थंडच लागतो.
ज्याच्या अंगात ऊब
त्याच्या अंगात कुजबुज असतेच.

दीडशे हर्ट्झवर एक काटा उभा होता.
सोळा रात्री.
अर्थिंग उकरलं, मीठ-कोळसा नवा घातला,
जाळी पुन्हा डाखली,
शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून शुक्रवारी जागले.
काटा तिथेच.

मग एकदा तीनला गेला.
तीन दहाला परत आला.
खिडकीतून पाहिलं, तर
भटूभाऊ राउंड मारून केबिनमध्ये शिरत होते.

"काय व्हयनं, ताई?"
"तुमचा कूलर, भाऊ. त्याचा रेग्युलेटर."
काही न विचारता त्यांनी बटण दाबलं.

पडद्यावर इतकी सपाट रेघ
मी आठ वर्षांत पाहिली नव्हती.
दोन तास घेतली ती, हावरटासारखी.
बाहेर भटूभाऊ पायरीवर,
मानेवर ओला गमछा,
खोक्याच्या पुठ्ठ्यानं वारा घेत.
वहीत लिहिलं : 'गोंगाटाचा स्रोत सापडला.'
मग 'गोंगाट' खोडलं.
दुसरा शब्द सुचला नाही.

सकाळी आग्रा रोड. इश्तियाक मिस्त्रींनी
माळ्यावरच्या ढिगातून काढला
बेकलाइटचा काळा, नारळाएवढा,
आत नुसती तारेची गुंडाळी.
"हा वीज कापत नाही, बाई, खातो.
तापतो फार. कोण घेतं आता?"
मी घेतला. ऐंशी रुपये.

सगळा जन्म चाललाय
तारेतला रोध घालवण्यात,
आणि आज स्वतःच्या हातानं
केबिनच्या भिंतीवर रोध ठोकला,
चार स्क्रू, एक पट्टी.
तो तिथे तापतो.
इथे काही ऐकू येत नाही.

पहाटे भटूभाऊ दारात :
"चार नंबर लागत नही, ताई.
तीनवर चालाडस."