फ्रिजमधला हिवाळा

लोण्याच्या खालच्या कप्प्यात,
बाबांच्या इन्सुलिनला खेटून,
ओल्या वाळूत चार ग्रॅम लव्हेंडरचं बी.
डब्यावर माझी तारीख, बारा जानेवारी,
आणि खाली बाबांचं थरथरतं अक्षर:
खाऊ नये.

त्यांना हसू येतं.
त्यांच्या वेळी ऑक्टोबरात बी फेकायचं
आणि दार लावून घ्यायचं.
पुढचं आल्बिओनचं पठार बघून घ्यायचं.
बर्फ यायचा गुडघाभर,
आणि लोचट पाहुण्यासारखा
मार्च उलटेपर्यंत हलायचा नाही.

यंदा खाली दरीत जानेवारीतच बदाम फुलला.
म्हणून थंडी मी विजेच्या बिलावर घेते,
चार अंश, सहा आठवडे.

कलमांचं सोपं होतं.
एका झुडपाची हजार,
एका उंचीची, एकाच दिवशी जांभळी,
आणि तुडतुड्यांनी रोग आणला
तेव्हा एकाच उन्हाळ्यात पिवळी.
सोलांजने ट्रॅक्टर घालून सगळी उपटली.
आठवडाभर गावाला
सणासारखा वास येत होता.

बी तसं नाही.
काळं, गुळगुळीत, पिसवेएवढं,
आत सगळी तयारी करून बसलेलं,
आणि तरी म्हणतं, आज नको.

थोडं मी जिबरेलिक आम्लात रात्रभर भिजवून पाहिलं.
नवव्या दिवशी उगवलं,
भलत्या वेळी कुणी दार ठोठावल्यावर
दचकून उठावं तसं,
दोऱ्यासारखं लांब,
उभं राहण्याआधीच आडवं.

मग फेब्रुवारीत वारा सुटला, तारा तुटल्या.
तीस तास.
इन्सुलिन गेलं सोलांजच्या तळघरात.
डबा ठेवला खिडकीबाहेर, वर दगड.
त्याच रात्री पडली
यंदाची पहिली आणि शेवटची खरी थंडी.
सकाळी वाळूचाही दगड.
मी म्हटलं, गेलं.
बाबांनी डबा कानाशी धरला, हलवला,
म्हणाले, आता पटलं असेल त्याला.

पेरताना वर माती ओढली नाही,
त्याला उजेड लागतो.
दोनशेतली एकशे एकतीस आली,
कुणी पंधराव्या दिवशी, कुणी चाळिसाव्या,
दोन तर मी मोजणं सोडल्यावर.
उरलेल्यांविषयी बाबा म्हणतात,
झोपलेल्याला उठवता येतं,
सोंग घेतलेल्याला नाही.

तो ट्रे मी फेकला नाही.
उत्तरेच्या भिंतीला लावून ठेवलाय
पुढच्या हिवाळ्यासाठी,
आला तर.