उसना मंगळवार

माझ्या शाळेमागून एकशे ऐंशीची रेषा जाते.
तिथं पाटी आहे. प्रवासी येतात, फोटो काढतात,
एक पाय आजमध्ये, एक पाय कालमध्ये.
आमच्या कोंबड्या दिवसातून दहादा तारीख ओलांडतात
आणि अंडी एकाच खुराड्यात घालतात.

मंगळवारी संध्याकाळी सातला माझा एम. एड.चा तास.
तेरेतियाकडे, किरिबातीच्या पूर्व टोकाला, तेव्हा नऊ;
पोरं निजवून ती जांभया देत येते.
जेफेतकडे सहा. तो मालाइताच्या टेकडीवर
दवाखान्याच्या एका भिंतीला टेकलेला,
कारण रेंज तेवढ्याच भिंतीला.
आणि निउएच्या लिलीएताकडे
अजून सोमवारच असतो, रात्रीचे आठ.

पहिलं सत्रभर आम्ही सहा काळे चौकोन होतो.
डेटा महाग, म्हणून कॅमेरा बंद.
"ऐकू येतंय का?"
"येतंय."
चौदा आठवड्यांत याहून मोठं बोलणं झालं नाही.
दोघांच्या उत्तरांवर मत देणं सक्तीचं होतं,
मी सगळ्यांना लिहायची, मुद्दा चांगला आहे.

मग एकदा सरच आले नाहीत.
सुव्यात वीज गेली होती, हे नंतर कळलं.
हजेरी बुडेल म्हणून कुणी हलेना.
माइक चुकून चालू राहिले.
कुठंतरी जनरेटर धापा टाकत होता,
कुठंतरी चर्चमधली तालीम, तीच ओळ, तितकीच बेसूर,
आणि खर्र, खर्र, खर्र.
"कोण खवतंय?" मी विचारलं.
"मी," तुवालूची फालाइमा म्हणाली. "उद्या सासरचे येणारेत."
"किती जण?"
"अकरा."
"मग एका नारळानं काय होतंय," म्हणाला जेफेत,
ज्याचा तोवर फक्त खोकला ठाऊक होता.

त्या रात्री अभ्यास झाला नाही.
पुढच्या मंगळवारी मात्र साडेसहालाच सगळे हजर,
कुणी ठरवलं नव्हतं.

संख्याशास्त्र मला तेरेतियानं शिकवलं, माशांवर.
जाळ्यातले सगळे कोण मोजत बसतं?
मूठभर बघायचे, उरलेल्यांचा अंदाज बांधायचा.
भांडलोही. फालाइमानं माझा परिच्छेद उचलला,
स्वल्पविरामांसकट. तीन आठवडे अबोला.
मग तिचा निरोप: तुझे स्वल्पविराम चुकले होते,
माझे गुण गेले.

ऑगस्टात जेफेतचा चौकोन उगवला नाही.
लिलीएता त्याच्यासाठी टिपणं वाचून ठेवायची,
तीन-तीन मिनिटांचे तुकडे,
टेकडी चढून आलाच कधी
तर एका दमात उतरवता यावेत.
पाचव्या आठवड्यात खोकला ऐकू आला.
"चौथं प्रकरण चाललंय," तेरेतिया म्हणाली, जणू तो पाणी प्यायला उठला होता.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बाप गेला माझा."
कुणाला शब्द सुचला नाही.
पण माइकही कुणी बंद केला नाही.
डेटा जळत राहिला, सहा घरांतला.

सहावा, तान्नाचा, शेवटपर्यंत बोललाच नाही.
एकही मंगळवार चुकवला नाही त्यानं.

पदव्या बोटीनं येतील, तीन बोटी बदलून.
अभ्यासक्रम संपून महिना झाला.
तरी आज सातला हात आपोआप लॅपटॉपकडे गेला.
दोनच चौकोन होते. एक तान्नाचा, गप्प.
एक लिलीएता.
"दोन वर्षं तुमचा मंगळवार उसना घेतला," ती म्हणाली,
"एक दिवस आधीच वापरला. आजचा कसा आहे?"
मी खिडकीबाहेर पाहिलं.
"जरा ओलसर आहे," म्हटलं.
"वाळवून पाठवते."