मुक्काम एकशेऐंशी

उद्यमनगरात माझं झेरॉक्सचं दुकान.
डावीकडं वेल्डिंग, उजवीकडं स्प्रिंगा वळणारे पोवार,
त्यामुळं मी ओरडूनच बोलते, घरीसुद्धा.

इलाई शिकलगार दुपारी आला.
हात रॉकेलनं धुतलेले, तरी पासपोर्ट रुमालात धरलेला.
"ताई, रंगीत काढा दोन. आणि ह्येला लॅमिनेशन मारा."
म्हटलं, पासपोर्टला लॅमिनेशन करत नाहीत,
हे काय रेशनकार्ड आहे?

पान उघडलं. पोलंडचा व्हिसा.
दोन्ही कान दिसतील असा फोटो,
मीच काढलेला, तिसऱ्या खेपेला जमलेला.
या तारखेपासून त्या तारखेपर्यंत, बरोबर एक वर्ष.
"वर्षाचा झाला बघा," म्हणाला,
आणि जॉबवरची धूळ पुसावी तसा
अंगठा फिरवला त्या वर्षावरून.

मला शेजारचा रकाना दिसला.
मुक्कामाचे दिवस: एकशेऐंशी.

दुकानात आणखी दोघं उभे होते,
एकाला सातबारा, एकीला हॉलतिकीट.
त्यांच्यासमोरच सांगावं लागलं.
इलाईभाई, ही तारीख दाराची.
वर्षभर दार उघडं, आत जा, बाहेर या, पुन्हा जा.
हा आकडा आत बसायचा.
उतरलेला दिवस धरायचा, निघालेलाही धरायचा.
रात्री बाराला दहा कमी असताना उतरलात
तरी तो दिवस आख्खा गेला.

"म्हंजे सहा महिनं?"
त्यालाही दोन-तीन दिवस कमीच.

पोवारांची एक स्प्रिंग सुटून पत्र्यावर वाजली.

हा माणूस मायक्रॉनमध्ये बोलतो.
केसाच्या जाडीत त्याला अजून पाच-सात थर दिसतात.
आणि एवढा रकाना राहिला त्याच्याकडून.
एजंटानं बोट वर्षावरच ठेवलं होतं म्हणे,
लक्ष्मीपुरीतल्या ऑफिसात, चहा पाजून.

"नसीमला वर्ष सांगितलंय," म्हणाला.
"पतसंस्थेला बारा हप्ते लिवून दिल्यात."

फोन लावला. स्पीकरवर, सगळ्या दुकानानं ऐकलं:
"तितं गेल्यावर वाढवून मिळतंय की. घाबरताय काय?"

मिळतही असेल. मी नाही म्हटलं नाही.
अर्ज असतो, मुदतीच्या आत द्यायचा असतो,
मालकाचं पत्र लागतं, आणि तो मालक
आपण दोघांनीही पाहिलेला नाही.
एवढंच म्हटलं, वाढवून हातात पडेपर्यंत
एकशेऐंशीच धरा.

तेव्हा तो हसला.
"आमच्या ग्राइंडिंगचं असंच असतंय ताई.
जॉब कमी करता येतोय, वाढवता येत न्हाई.
एक घास जादा बसला, की भंगार."

हॉलतिकीटवाली पोरगी आपला नंबर विसरून ऐकत होती.

विमान सतरा सप्टेंबरचं.
भिंतीवरचं कॅलेंडर काढून काउंटरवर पसरलं,
पेन्सिलीनं मोजत गेलो.
डिसेंबरला भिंत संपली, पुढचं मोबाइलवर.
सातबारावालाही बोटं मोडत मोजू लागला,
त्याचा एक दिवस जास्त येत होता.
पंधरा मार्चला एकशेऐंशी भरले.

इलाईनं पुढं बोट सरकवलं, सोळा, सतरा, अठरा.
"ईद कवा हाय?"
वीस-एकवीसला, चंद्र दिसेल तशी.
"म्हंजे ईदला मी हितं?"
इथं.
थोडा वेळ तो त्या चौकोनाकडं बघत राहिला.
"मग नसीमला आदी ह्येच सांगतो," म्हणाला.
"हप्त्याचं मागनं."

गेला. पैसे द्यायचे विसरला म्हणून परत आला,
वीसची नोट ठेवली, आणि जाता जाता विचारलं,
"आणि हितलं किती ऱ्हायलं?"

मोजले. अकरा, आजचा धरून.

"आजचा कशाला धरताय? ऊन उतरलं की."

म्हटलं, तिकडचा नियम तिकडं.
ह्या काउंटरवर मी मोजते.
आजचा आख्खा आहे.