काही आढळले नाही

एकतीस वर्षं मेडिकलच्या सतरा नंबरच्या खोलीत
मी लोकांना सांगत आले:
श्वास घ्या. धरा. सोडा.
पेन्सिलीच्या टोकाएवढा डाग
मला डॉक्टरांच्या आधी दिसायचा.
मी गप्प राहायची.
सांगणं माझ्या कामात बसत नव्हतं.

आता फेटरीच्या पलीकडल्या नाल्यात
माझे नऊ कॅमेरे आहेत,
सागाला, मोहाला, एक पडक्या टाकीच्या लोखंडी पायाला,
साखळी-कुलुपानं जखडलेले.
अकरा होते. दोन गेले.

शोधतोय वाघाटी.
नाक्यावरची भाजीवाली म्हणते,
"त्याले जंगलात कायले जाता बाई?
आषाढात या, टोपलीभर देतो."
ती वेलीची फळं. ही मांजर.
दीड किलोचं रानमांजर, पाठीवर गंजाचे ठिपके.
गोकुळपेठेत एका पारड्यात ही बसली
तर दुसऱ्यात संत्री किती, आठ-दहा?
एवढीशी, आणि चार वर्षं आम्हाला पुरून उरली.

रविवारी पहाटे पाच जण निघतो.
तनवीर बर्डीवर मोबाइल दुरुस्त करतो,
दवानं मेलेल्या कार्डात फुंकर घालून जीव आणतो.
कृत्तिका पराते लॉ कॉलेजची, वही तिच्याकडे.
धुर्वेला आता लांबचं दिसत नाही,
तो ओल्या रेतीतली पावलं बोटानं वाचतो:
"हे साळूचं. हे कुत्र्याचं. हे तुमच्याच चपलेचं, मॅडम."
पाचवा दर वेळी नवा असतो,
वाघ दिसेल म्हणून येतो, परत येत नाही.

मे महिन्यात सेहेचाळीसच्या उन्हात
गवत हललं तरी कॅमेऱ्याला वाटतं, कुणी आलं.
दोन हजार एकशे चौदा फोटो, सगळे गवताचे.
मी एकेक बघते. कूलर घरघरतो,
मुलगा पुण्याहून विचारतो, "आई, त्यात काय बघतेस?"
रानडुकरं. मुंगूस. बाटली लपवणारा माणूस,
दुसऱ्या दिवशी तीच बाटली शोधणारा दुसरा.
एक पोरगी, रात्री अकरा वाजता, एकटी, रडताना.
तो फोटो मी पुसला. वहीत नोंद नाही.

सात नंबर. तीन वाजून सहा मिनिटं.
चौकटीच्या डाव्या कडेला एक कान,
कपाळावर दोन पांढऱ्या रेघा,
आणि पुढच्या फोटोत पुन्हा गवत,
अजून हलणारं.

डेहराडूनच्या साहेबांनी दोन ओळीत कळवलं:
गावातलं मांजराचं पिल्लू असावं.
पुरावा अपुरा.

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात भिवापूरची एक बाई होती.
हिरवी पातळ जरा खांद्यावरून घसरलेली,
मी म्हटलं धरा, तिनं इतका वेळ धरला
की "सोडा" म्हणायचं मीच विसरले.
उजव्या बाजूला, वर, डाग होता.
कागदावर आलं: काही आढळले नाही.
ती मला हात जोडून गेली.
मला, डॉक्टरांना नाही.

"काय लिहू?" कृत्तिकानं विचारलं,
पेन वहीवर टेकवून.
तनवीर बॅटऱ्या मोजत होता, मोजतच राहिला.
"लिव ना," धुर्वे म्हणाला, "पोरगी थांबली हाय."

लिही, म्हटलं. दिसली.
खाली माझं नाव घाल, पूर्ण नाव, हुद्द्यासकट,
निवृत्त असलं तरी.

मग सात नंबरला नवं कार्ड घातलं.
प्रत्येक कार्डाचा पहिला फोटो माझाच असतो:
वाकलेली, चष्मा घसरलेला, तोंड फार जवळ.
लाल दिवा लुकलुकतो तेवढे दहा सेकंद
मी श्वास धरून उभी राहते.
का, ते माहीत नाही. मशीनला त्याची गरज नसते.