पुस्तक एकाहत्तर, पान चारशे दोन

सकाळी आठला कुलूप काढते तेव्हा
कचेरीच्या पायऱ्यांवर ते आधीच बसलेले असतात,
ओक्लाहोमाचे, टेक्ससचे, नव्या बुटांचे,
हातात कागदी पेल्यातली कॉफी.
तळघरातल्या या दस्तखान्यात चव्वेचाळीस वर्षं
माझ्याशी फक्त बॉयलर बोलायचा.
आता खुर्ची मिळत नाही.

ते जमीन बघत नाहीत. जमीन वर आहे,
तिच्यावर पेनसिल्व्हेनियाचा बर्फ आहे,
गाई आहेत, विकवायरांचं लाल कोठार आहे.
त्यांना हवंय ते दीड मैल खाली,
पाटीसारख्या काळ्या दगडात कोंडलेला
कुठल्याशा आटलेल्या समुद्राचा श्वास.
त्याला रंग नाही, वास नाही.
भाव आहे, आणि तो तासातासाला बदलतो.

मार्चमध्ये एकरी पंचवीस डॉलर.
डेलमर विकवायरने गाडीच्या बॉनेटवर सही केली,
पेन त्यालाच ठेवायला दिलं.
जूनमध्ये ओढ्यापलीकडच्या पोलिश म्हाताऱ्याला अडीच हजार.
ऑगस्टात चर्चमध्ये
कुणी कुणाच्या बाकावर बसेना.
डेलमरची बहीण ऑर्फा म्हणाली, अर्धं कुरण माझं,
माझ्या अर्ध्यावर सही कुणाच्या बापाला विचारून केलीस?
बाप दोघांचा एकच होता,
म्हणून तो प्रश्न कोर्टात गेला.

आणि दूर टूसॉनमध्ये एक दंतवैद्य,
ज्याने हे खोरं कधी पाहिलेलं नाही,
रुग्णाच्या जबड्यात भूल चढेपर्यंत
फोनवर आमच्या टेकडीचे चारशे शेअर घेतो.
कुणीतरी नकाशा रंगवला होता: आम्ही नारिंगी पट्ट्यात.
नारिंगी म्हणजे काय, त्याला माहीत नव्हतं.
मलाही नाही.
संध्याकाळपर्यंत नारिंगी अकरा टक्क्यांनी वर.

ते पुस्तक मीच काढून दिलं.
सन एकोणीसशे आठ, शाई चहाच्या रंगाची झालेली.
लिहून देणार इझीकिएल विकवायर, कारणे लिहून देतो की,
चतुःसीमेच्या आतील जमीन,
तिजवरील जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण
मुलगा अमोस यास;
आणि पृष्ठाखालचा निधिनिक्षेप, ज्ञात वा अज्ञात,
मुलगी लविनिया हीस.

लविनिया त्याच वर्षी घोड्यांच्या एका दलालाबरोबर
पश्चिमेला निघून गेली.
बापाने तिला दिलं ते तेव्हा हसण्यावारी गेलं असणार:
ज्याला हात लागत नाही ते.
तिचे वारस आज त्रेसष्ट.
एक नेब्रास्कात शाळेची बस चालवतो.
एक तुरुंगात.
एकीचं नाव कुणालाच नीट लिहिता येत नाही.

न्यायाधीश म्हणाले, दावा निकाली.
ज्याच्यावरून भांडले
ते दोघांपैकी कुणाचंच नव्हतं.

आणि छिद्र तर कुणी पाडलंच नाही.
कंपनीने वारसांचे करार दुसऱ्या कंपनीला विकले,
तिने तिसरीला, दर वेळी नफ्यात,
मग एका हिवाळ्यात गॅसच स्वस्त झाला.
दंतवैद्य सोमवारी विकणार होता.
भाव शुक्रवारी पडला.
कुरणात गुलाबी फीत बांधलेली खुंटी तेवढी उरली,
गाई तिला अंग घासतात.

परवा ऑर्फा आली. हातमोजे ओले.
म्हणाली, त्या पानाची नक्कल दे.
मग काउंटरवर वाकून, हळूच:
माझं नेमकं कुठवर गं?
नांगर जातो तिथवर?
विहिरीच्या तळापर्यंत?
आईला आम्ही बागेमागे पुरलंय, सहा फुटांवर.
ती कुणाच्यात येते?

मी पान पुन्हा वाचलं. मागचं वाचलं, पुढचं वाचलं.
पृष्ठ किती जाड असतं
ते इझीकिएलने लिहिलेलं नाही.

नकलेचे पन्नास सेंट झाले.
तिने सुट्टे मोजून ठेवले,
त्यात एक नाणं कॅनडाचं निघालं.
मी ते चालवून घेतलं.